साठेखताचा बाजार : वसई-विरारमध्ये जमिनीआधी कागद कसा विकला गेला?

१/
जानेवारी २०२५. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत इमारती पाडण्याचे काम सुरू होते. एकूण ४१ अनधिकृत इमारती आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर त्या उभ्या राहिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश जुलै २०२४ चा होता, आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. रस्त्यावर आलेल्या अनेकांच्या हातात करारनामे होते, वीजबिले होती. त्यांनी घराचे पैसे मोजले होते. फक्त विकणाऱ्याकडे जे नव्हते, ते त्यांनी विकत घेतले होते.

२/
स्वतःच्या मालकीची नसलेली जमीन किंवा घर कोणी कसे विकू शकतो? हा प्रश्न फसवणुकीपुरता मर्यादित नाही. जगभर याचा एक कायदेशीर, उघड व्यवसायही आहे. अडचणीत सापडलेल्या घरमालकाला गाठायचे, त्याच्याशी कमी किमतीत खरेदीचा करार करायचा आणि प्रत्यक्ष खरेदी होण्याआधीच तो करार दुसऱ्या गुंतवणूकदाराला जास्त किमतीत देऊन टाकायचा. अमेरिकेत या व्यवसायाला ‘होलसेलिंग’ म्हणतात. वसई-विरारमध्ये त्याला वेगळे नाव नव्हते. तिथे तो ‘साठेखतावरचा धंदा’ होता.

३/
व्यवहार समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब घेता येईल. एका घराची बाजारातील किंमत २० लाख रुपये आहे. मालकावर कर्ज आहे, हप्ते थकले आहेत, घर मोडकळीला आले आहे. मध्यस्थ १२ लाखांचा करार करतो आणि ५० हजार रुपये विसार देतो. महिन्याभरात तो हाच करार १५ लाखांना दुसऱ्याच्या नावे करतो. मूळ मालकाला १२ लाख मिळतात, नव्या खरेदीदाराला २० लाखांचे घर १५ लाखांत मिळते, आणि मध्यस्थाला ३ लाख. त्याची गुंतवणूक ५० हजारांची, त्याची मालकी शून्य.

४/
अमेरिकेत २००८ च्या गृहकर्ज संकटानंतर जप्तीच्या उंबरठ्यावरची घरे मोठ्या संख्येने बाजारात आली आणि हा व्यवसाय फोफावला. वृद्ध, आजारी, कर्जबाजारी मालकांना घराची खरी किंमत न सांगता करार केले जातात, अशा तक्रारी वाढल्या. २०१९ मध्ये इलिनॉय राज्याने असे व्यवहार वारंवार करणाऱ्यांना दलालीचा परवाना बंधनकारक केला. २०२१ मध्ये ओक्लाहोमानेही कायदा केला. म्हणजे तिथे धंदा आधी आला आणि नियम नंतर. वसईत क्रम उलटा होता. तिथे नियम आधी होते, आणि त्यांच्यामुळेच हा धंदा जन्मला.

५/
जमीन एकाची आणि तिच्यावरचा हक्क दुसऱ्याचा, ही रचना वसईला नवी नाही. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. पोर्तुगीज राजसत्तेने उत्तर प्रांतातील गावे सरदारांना ठरावीक पिढ्यांसाठी, ‘फोरो’ म्हणजे खंडाच्या अटीवर दिली. कसणारा बावखलाच्या काठी राहिला आणि गावाचे उत्पन्न किल्ल्यातल्या वाड्यात गेले. मुंबईतील ‘फोरास’ जमिनींच्या नावामागे हाच शब्द सांगितला जातो. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि किल्ल्यातील हक्कदार गेले. कसणारे मात्र जिथल्या तिथे राहिले.

६/
इंग्रजी अमलात जमीन हे कर्जाचे तारण बनले. रोखा, गहाणखत, मुदत खरेदी हे शब्द शेतकऱ्याच्या घरात शिरले. अडचणीच्या वेळी केलेल्या सहीची किंमत काय असते, हे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दिसले. शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठून कर्जरोखे आणि हुकूमनामे जाळले. त्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. सरकारने १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. त्यानुसार न्यायालयाला कागदामागच्या खऱ्या व्यवहारात डोकावण्याचा अधिकार मिळाला. ‘सही केली आहे ना?’ एवढाच प्रश्न पुरेसा नाही, हे प्रथमच मान्य झाले.

७/
त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८२ मध्ये, मालमत्ता हस्तांतरण कायदा आला. त्याचे कलम ५४ या संपूर्ण कथेचा कणा आहे. त्याचा आशय असा की, स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा करार म्हणजे विक्री नव्हे. असा करार स्वतःहून त्या मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण करत नाही. मराठी व्यवहारात या कराराला साठेखत किंवा साटेखत म्हणतात. ‘साटे’ म्हणजे सौदा. ‘साटेलोटे’ या शब्दात तो आजही जिवंत आहे. साठेखत हे वचन आहे आणि खरेदीखत ही विक्री. या दोहोंमधल्या अंतरात वसईचा बाजार भरला.

८/
स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, तलासरी-उंबरगाव-डहाणू पट्ट्यात वारली समाजाने वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. १९४५ मधील या लढ्याशी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांची नावे जोडलेली आहेत. पुढे १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली. वसई तालुक्यातील कित्येक कुटुंबांची सातबाऱ्यावरील मालकी याच कायद्यातून आली.

९/
मिळालेली जमीन पुन्हा सावकाराकडे जाऊ नये म्हणून कायद्याने कुंपणे घातली. कलम ४३ अन्वये कुळाला मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना विकता येत नव्हती. कलम ६३ अन्वये शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास मनाई होती. १९७४ मध्ये महसूल संहितेत दुरुस्ती होऊन आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यावर कडक निर्बंध आले. वसई पूर्वेच्या डोंगरपायथ्याच्या गावांसाठी हा नियम विशेष महत्त्वाचा होता. हेतू रक्षणाचा होता. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणामही झाला. बिगर-शेतकरी व्यापाऱ्याला खरेदीखत करणे जिथे अवघड होते, तिथे तो साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र घेऊन थांबू लागला.

१०/
जमिनीला भाव आला तो रेल्वेमुळे, पण लगेच नव्हे. मुंबईहून गुजरातकडे जाणारा लोहमार्ग १८६४ मध्ये वसईतून गेला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारला पोहोचली. तरीही पुढची चार दशके वसई हा बागायतीचा तालुका राहिला. सकाळच्या गाडीने भाजी, फुले, विड्याची पाने, केळी आणि दूध मुंबईला जात असे. चाकरमान्यांची गर्दी नंतरची. त्या गाडीचे पहिले प्रवासी टोपल्या होत्या.

११/
या बागायतीचा आधार होता गोडे पाणी. वसईच्या पश्चिम पट्ट्यात पावसाचे पाणी बावखलांत साठवून जमिनीत मुरवले जाई. त्यामुळे समुद्र जवळ असूनही विहिरी गोड राहत. सामवेदी ख्रिस्ती, सामवेदी ब्राह्मण, वाडवळ, भंडारी, आगरी आणि कोळी यांच्या वस्त्या या पाण्याभोवती वाढल्या. राजेळी केळ्यांची सुकेळी हा इथला प्रसिद्ध जिन्नस. रेल्वेच्या पूर्वेला खाजण, मिठागरे आणि पलीकडे तुंगारेश्वरचे डोंगर. पुढे ज्या नालासोपाऱ्यात चाळी आणि इमारती उगवल्या, ते प्राचीन शूर्पारक. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथल्या स्तूपाचे उत्खनन केले होते.

१२/
आता मुंबईकडे वळावे लागते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने घरभाडी गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण भाड्याची नवी घरे बांधणे मालकाला परवडेनासे झाले. खोली हातांतरित करताना ‘पागडी’ नावाची रोख रक्कम फिरू लागली. कायद्याने तिला मान्यता नव्हती, व्यवहारात ती सर्वत्र होती. तिला कायद्याची चौकट मिळाली ती १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने. १९७६ मध्ये नागरी कमाल जमीन धारणा कायदा आला. अतिरिक्त जमीन गरिबांच्या घरांसाठी मिळेल, ही अपेक्षा होती. बरीचशी जमीन सूट आणि खटल्यांत अडकली. महाराष्ट्रात हा कायदा २००७ पर्यंत टिकला.

१३/
१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप औपचारिकपणे कधी मिटलाच नाही. पगार थांबला, उधारी वाढली, आणि शेवटी विकण्याजोगी एकच गोष्ट उरली : गिरणगावातली खोली. खोली कामगाराच्या मालकीची नव्हती. तो भाडेकरू होता. त्याने विकला तो तिथे राहण्याचा हक्क, तोही पागडीवर, चाळमालकाचा वाटा देऊन. हातात आलेल्या रकमेत मुंबईत दुसरे घर मिळत नव्हते. रेल्वेच्या शेवटच्या थांब्याकडे, नालासोपारा-विरारकडे मात्र मिळत होते.

१४/
येथे दोन अडचणी एकमेकींना भेटल्या. एका टोकाला गिरणगावातला बेकार कामगार, दुसऱ्या टोकाला वसई तालुक्यातला जमीनधारक. दोघेही विकायला उभे, दोघांनाही घाई, आणि दोघांनाही दुसऱ्याचा पत्ता माहीत नाही. बाजारात ज्याला दोन्ही पत्ते माहीत असतात, तो मध्यस्थ. परळमधील खोलीचा भाव आणि विरारमधील गुंठ्याचा भाव यांतील अंतर हेच त्याचे भांडवल होते. पैशाची गरज त्याला फारशी नव्हती. गरज होती ती माहितीची आणि कागद आपल्या हातात ठेवण्याची.

१५/
जमीनधारकाची अडचण कसली? सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, खाली बारा-पंधरा वारस, काही बहिणी सासरी, एक भाऊ परदेशात, एकाचा दावा कोर्टात. वाटणी झालेली नाही, त्यामुळे सरळ विक्री होत नाही. घरात लग्न किंवा आजारपण निघाले की रोख हवी. मध्यस्थ येतो आणि म्हणतो, वारसांच्या सह्या मी जमवतो, परवानग्या मी आणतो, तुम्ही फक्त साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र द्या. विसार लगेच, उरलेले खरेदीखताच्या वेळी. अडलेल्या माणसाला ‘लगेच’ हा शब्द ‘किती’ या शब्दापेक्षा मोठा वाटतो.

१६/
एकदा कुलमुखत्यारपत्र हाती आले की कागदाचा प्रवास सुरू होई. पहिला मध्यस्थ तो व्यवहार दुसऱ्याला देई, दुसरा विकासकाला. प्रत्येक हातबदलात दर वाढे. मूळ मालकाला याची कल्पना क्वचितच असे. समजा गुंठ्याचा दर मालकाशी १० हजार ठरला आणि विकासकापर्यंत तो ४० हजार झाला, तर मधले ३० हजार कोणत्याही खरेदीखताशिवाय, मालकी न बदलता वाटले जात. सातबारा मात्र तसाच राहतो, आजोबांच्याच नावाचा. सरकारी दप्तरात काहीही घडलेले नसते.

१७/
१९८८ च्या सुमारास राज्य सरकारने वसई-विरार पट्ट्यातील मोठे क्षेत्र विकासासाठी खुले करण्याचे धोरण आणले. १९९० मध्ये सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. नकाशावर रंग भरले गेले : इथे निवासी, इथे हरित, इथे आरक्षण. ज्याच्या वाडीवर आरक्षण पडेल त्याला जमीन कवडीमोलाने जाण्याची भीती. ज्याच्या वाडीशेजारी निवासी रंग पडेल त्याला शेजारच्या इमारतीत विहिरीचे पाणी जाण्याची भीती. नकाशा प्रसिद्ध होण्याआधी त्याची बातमी ज्याला कळते, तो या भीतीचा व्यापार करू शकतो. सामान्य जमीनधारक मात्र नकाशा अधिकृत होईपर्यंत अंधारात असे.

१८/
या काळात वसईने प्रतिकारही केला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. त्यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. प्रश्न फक्त झाडांचा नव्हता. टँकरने होणारा भूजलाचा उपसा, दडपशाही, आणि जमिनीच्या व्यवहारांवर पसरलेली दहशत यांविरुद्ध लोक एकत्र आले. त्या वर्षांतील हिंसेचे खटले न्यायालयांत चालले. समितीमुळे पश्चिम पट्ट्याचा बराच हरित भाग टिकला. ज्या गावात लोक एकमेकांशी बोलू लागले, तिथे एकट्या मालकाला गाठणे मध्यस्थाला कठीण गेले. दिब्रिटो पुढे २०२० मध्ये उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९/
मध्यस्थाला केवळ खलनायक ठरवणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. कित्येक व्यवहारांत त्याने खरे काम केले. पांगलेले वारस शोधले, जुने फेरफार काढले, तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत फेऱ्या मारल्या, भांडणाऱ्या भावांना एका टेबलावर बसवले. बँका ज्याला कर्ज देत नव्हत्या, त्या कामगाराला हप्त्याने घर मिळाले ते याच साखळीमुळे. मुंबईने ज्यांना घर दिले नाही, त्यांना नालासोपाऱ्याने दिले. प्रश्न मध्यस्थीचा मोबदला घेण्याचा नाही. मालकाला भाव माहीत नव्हता आणि ग्राहकाला दोष माहीत नव्हता, हा प्रश्न होता. नफ्याचा मोठा हिस्सा या दोन अज्ञानांतून आला.

२०/
साखळीचे शेवटचे टोक म्हणजे सदनिका. १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, म्हणजे ‘मोफा’, सांगत होता की किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ रक्कम घेण्याआधी लेखी करार करून तो नोंदवला पाहिजे. परंतु ज्या विकासकाची स्वतःची मालकी साठेखतावर उभी होती, तो नोंदणीकृत करार कशाच्या आधारे करणार? मग मुद्रांक कागदावर नोटरीचा शिक्का, एक ताबापावती, आणि तोंडी आश्वासन. काही ठिकाणी ग्रामपंचायतीची परवानगी दाखवली जाई, काही ठिकाणी बनावट बांधकाम परवानगी. इमारत खरी होती, भिंती खऱ्या होत्या. तिच्याखालचा हक्क तेवढा नव्हता.

२१/
डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींनी घाईच्या विक्रीची आणखी एक लाट आणली. भीतीने वस्ती सोडणाऱ्या कुटुंबांनी मिळेल त्या भावाने घरे दिली आणि मुंब्रा, मीरा रोड, नालासोपारा अशा ठिकाणी नवी घरे घेतली. अडचणीत विकणारा माणूस दोनदा तोटा सोसतो. जुने घर बाजारभावापेक्षा कमी किमतीला जाते आणि नवे घर तपासायला वेळ नसतो. १९८२ च्या कामगाराबाबत जे घडले, तेच दहा वर्षांनी वेगळ्या कारणाने पुन्हा घडले.

२२/
३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०१० मध्ये नियोजनाचा अधिकार सिडकोकडून तिच्याकडे आला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख भरली. अनेक गावांनी महापालिकेत जाण्यास विरोध केला आणि २९ गावे वगळण्याचा वाद वर्षानुवर्षे चालला. त्या विरोधामागेही जमिनीचाच अनुभव होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि महसुली दप्तराचे मुख्यालय ठाण्याहून पालघरला गेले.

२३/
११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात निकाल दिला. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या आधारे केलेली ‘विक्री’ ही विक्री नव्हे. मालकी जाते ती केवळ नोंदणीकृत खरेदीखतानेच, असे न्यायालयाने स्पष्ट केले. खटला हरियाणातला होता, पण वसईसारख्या प्रत्येक पट्ट्याला तो लागू होता. तत्त्व नवे नव्हते. १८८२ च्या कलम ५४ मध्ये ते होतेच. सव्वाशे वर्षे कायदा एक सांगत होता आणि बाजार दुसरे करत होता, एवढेच या निकालाने उघड केले.

२४/
४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळफाटा परिसरातील लकी कम्पाउंड येथे बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ जणांचा मृत्यू झाला. तेव्हापासून अनधिकृत इमारतींचा प्रश्न मालकीपुरता राहिला नाही. कारण कागद कच्चा असेल तर बहुधा बांधकामही कच्चे असते. ज्या इमारतीला परवानगी नाही, तिच्या आराखड्याची, लोखंडाची, सिमेंटची तपासणी कोणत्याही अधिकृत यंत्रणेने केलेली नसते. आणि ज्या विकासकाला जमीन हातची जाण्याची भीती आहे, तो इमारत घाईनेच उभी करतो.

२५/
२०१६ चा स्थावर संपदा कायदा आणि १ मे २०१७ पासून सुरू झालेले महारेरा यांनी चित्र काहीसे बदलले. नोंदणीकृत प्रकल्पाची मालकी, परवानग्या, खटले हे सर्व संकेतस्थळावर पाहता येऊ लागले. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई झाली. अशा प्रकल्पांतील दलालांना नोंदणी आवश्यक झाली आणि २०२३ पासून त्यांना परीक्षाही द्यावी लागते. परंतु जुन्या घरांची फेरविक्री या चौकटीबाहेर राहते. आणि अनधिकृत इमारत महारेराच्या यादीत नसतेच. यादीत नसणे हीच तिथे पहिली सूचना असते.

२६/
करार हस्तांतरित करण्याचा सरळ मार्गही महाराष्ट्रात आहे. गुंतवणूकदाराने विकासकाकडून सदनिका घेण्याचा करार केला आणि ठरावीक मुदतीत तो पुढच्या खरेदीदाराला दिला, तर आधी भरलेले मुद्रांक शुल्क नव्या शुल्कातून वजा होते. ही मुदत एक वर्षाची होती. २०२२ च्या अर्थसंकल्पात ती तीन वर्षांची झाली. व्यवहाराचे स्वरूप साठेखताच्या जुन्या साखळीसारखेच आहे. फरक इतकाच की इथे प्रत्येक हातबदल नोंदला जातो, प्रत्येक टप्प्याची किंमत कागदावर दिसते आणि शेवटच्या खरेदीदाराला सगळी साखळी वाचता येते.

२७/
आज अडचणीतील घरांचा आणखी एक बाजार आहे : बँकांचे लिलाव. २००२ च्या सरफेसी कायद्याने थकीत कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी खटल्याविना तारण घर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना दिला. नोटीस आणि लिलाव यांमधला काळ हाच नव्या मध्यस्थाचा हंगाम. ‘लिलावात काहीच उरणार नाही, आत्ताच आम्हाला द्या,’ हे वाक्य जुन्या मध्यस्थाच्या ‘लगेच रोख’ या वाक्याचे नवे रूप आहे. मात्र लिलावात कर्ज फिटून रक्कम उरली, तर ती कर्जदाराला परत मिळते. अनेकांना हे ठाऊक नसते.

२८/
२७ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्रीनंतर विरार पूर्वेतील रमाबाई अपार्टमेंटचा भाग शेजारच्या चाळीवर कोसळला. १७ माणसे गेली. इमारत जेमतेम तेरा वर्षांची होती आणि तीही अनधिकृत. अग्रवाल नगरीत घरे गेली, इथे माणसे. जमीन आणि सदनिका यांच्या साखळीत वर असलेले लोक आपापला नफा घेऊन केव्हाच बाहेर पडलेले असतात. प्रत्येक जण विकताना नफा स्वतःकडे ठेवतो आणि धोका पुढच्याला देतो. शेवटच्या माणसाला पुढे कोणी नसते. तो तिथे राहत असतो.

२९/
म्हणून वसई-विरारचा हा इतिहास कागद वाचण्याचाही धडा आहे. सातबारा किंवा मिळकत पत्रिका कोणाच्या नावे आहे? फेरफारांची साखळी तुटली आहे का? दुय्यम निबंधकाकडील तीस वर्षांचा शोध काय सांगतो? बिगरशेती आदेश, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेने खरोखर दिले आहे का? विकणारा मालक आहे की केवळ करारधारक? वीजबिल आणि घरपट्टी हा मालकीचा किंवा परवानगीचा पुरावा नाही. दस्त नोंदला गेला म्हणून इमारत अधिकृत होत नाही. विकणाऱ्यासाठी प्रश्न एकच पुरतो : हा कागद माझ्यानंतर किती हातांत जाणार आहे, आणि कोणत्या भावाने?

३०/
१८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी जे रोखे जाळले, त्यांवर काय लिहिले आहे ते त्यांतील अनेकांना वाचता येत नव्हते. दीडशे वर्षांनी नालासोपाऱ्याच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या लोकांना वाचता येत होते. त्यांनी करारनामे प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते, घराच्या किल्लीसोबत. त्या कागदावर घराचा क्रमांक होता, मजला होता, चौरस फूट होते, सह्या होत्या. फक्त जमीन कोणाची, याचे उत्तर त्यावर नव्हते. ते तलाठ्याच्या दप्तरात होते आणि विकास आराखड्याच्या नकाशावर होते. विकणाऱ्याला ते ठाऊक होते.

(धागा समाप्त)